अंगावरची पत



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतीसाठी चालते, त्यांनी उभं आयुष्य गिरणी कामगारांत घालवलं. त्यामुळे इथे बोलायचं तर कापडावर बोलावं असं माझ्या मनात होतं. संयोजकांनी विषय सुचवला तो आजच्या कापडाचा: महागड्या डिझायनर कपड्यांतून प्रतिष्ठा मिळवू पाहणारी तरुण मुलं. हा विषय निघाला की पालकांना वाटतं, आता वक्ता आमच्या पोराचे कान उपटणार. मी ते करणार नाही, कारण या मुलांच्या भुकेविषयी मला आदर आहे. माझी तक्रार आहे ती त्या भुकेवर चाललेल्या धंद्याबद्दल, आणि त्या धंद्याची जी किंमत बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या आपल्या तीन शहरांनी मोजली तिच्याबद्दल.

आधी वडीलधाऱ्यांचं बोलू. साठ-सत्तरच्या दशकात टेरिलिनचा शर्ट म्हणजे काय होतं, हे इथल्या पिकल्या केसांना आठवत असेल. त्या पातळ शर्टाच्या खिशात नोट बाहेरून दिसेल अशी ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. मग टेरिकॉट आलं, विमल आलं, बेलबॉटम आली. लग्नात जावयाला रेमंडचा सूटपीस दिला नाही म्हणून धरलेले रुसवे वर्षानुवर्षं चालले. आपल्या पंचक्रोशीत जमिनींना भाव आला, तेव्हा हळदीच्या रात्री अंगावर किती तोळे दिसले याची चर्चा आठवडाभर चालायची, आणि हा खर्च आवरावा म्हणून समाजातल्याच जाणत्यांना सभा घ्याव्या लागल्या. माणूस दारात आला की आधी त्याच्या पायातल्या चपलेकडे बघून पाटावर बसवायचं की ओट्यावर, हे ठरवणारे आपणच होतो. मुलांनी हा धडा घरात घेतला. फरक इतकाच की आपण सुताचा पोत बघत होतो आणि ती छातीवरचं नाव बघतात.

आता बदलापूरच्या खरवईतल्या मुलाचा दिवस बघा. बदलापूर स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे 68 किलोमीटर. पहाटेची गाडी पकडून जो मुलगा वांद्रे-कुर्ला संकुलात, पवईत किंवा ऐरोलीत कामाला जातो, तो तिथे ‘कुठे राहतोस?’ या प्रश्नाला ‘कल्याणच्या पुढे’ असं मोघम उत्तर देतो. बदलापूर म्हटलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते त्याने पाहिलेलं असतं. पत्ता बदलणं त्याच्या हातात नाही. इंग्रजी बोलण्याची ढब एका महिन्यात येत नाही. बूट मात्र एका दिवसात बदलता येतात.

माझा एक जुना विद्यार्थी इथल्याच औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर होता. एकदा भेटला तेव्हा अंगात छातीभर परदेशी नाव असलेला टी-शर्ट. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, “सर, फर्स्ट कॉपी आहे, म्हणजे नक्कल. पण फोटोत कळत नाही.” फोटो कोणासाठी, असं विचारलं तर म्हणाला, “कंपनीच्या गेटवर मला नावाने कोणी हाक मारत नाही, ‘ए कंत्राटी’ म्हणतात. हा घालून मोबाइलच्या दुकानात गेलो की ‘या सर’ म्हणतात.” या मुलाला उधळ्या म्हणायची माझी हिंमत नाही. त्याला हवा होता तो मान, आणि बाजारात मान विकत मिळणारी एकच खिडकी त्याला उघडी दिसली.

कपडा बोलतो, हे महाराष्ट्रात महात्मा फुल्यांइतकं स्पष्ट क्वचितच कोणी ओळखलं असेल. 2 मार्च 1888 रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट याच्या सन्मानार्थ समारंभ ठेवला होता. जरीकाठी अंगरखे आणि हिरेमाणकं घातलेल्या त्या मंडळींत जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि इथे झगमगणारी मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असं राजपुत्राला सुनावलं. त्यांच्याकडे चांगले कपडे नव्हते असं नाही. ते कंत्राटदारी केलेले, ऐपतीचे गृहस्थ होते. त्या दिवशी त्यांना जे म्हणायचं होतं ते फाटक्या पोशाखातूनच म्हणता येणार होतं.

आणि डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेबांनी काय सांगितलं? जमलेल्या स्त्रियांना ते म्हणाले, की जातीची खूण म्हणून तुमच्यावर लादलेली लुगडं नेसण्याची पद्धत सोडा, हातापायांतल्या चांदी-कथिलाच्या दागिन्यांची रास उतरवा, इतर स्त्रिया नेसतात तसं नेसा, स्वच्छ राहा. स्वतः बाबासाहेब नीटनेटक्या सुटात वावरले आणि आज गावोगावच्या पुतळ्यांत तो सूट आहे. फुल्यांनी चांगला कपडा उतरवला, आंबेडकरांनी चांगला कपडा घालायला सांगितलं. दोघांना एकच गोष्ट कळली होती, की माणसाला पायरी दाखवण्याचं काम इथे कपड्याकडून करून घेतलं जातं. म्हणून ज्याच्या आजोबाला गुडघ्याखाली धोतर नेसायला बंदी होती, त्याचा नातू आज कडक इस्त्रीचा ब्रँडेड शर्ट घालून गावाकडच्या जत्रेत मिरवतो, तेव्हा त्याला साधेपणाचा उपदेश करणाऱ्यांचा मला राग येतो. साधेपणा ही ज्याच्यापाशी पर्याय आहे त्याची निवड असते.

इथवर मी मुलांच्या बाजूने बोललो. आता त्यांच्याशी बोलतो.

महाडला बाबासाहेबांनी जे लुगडं नेसायला सांगितलं, ते सगळ्यांनी नेसावं असं होतं. जितक्या जास्त बायका तसं नेसतील तितका त्याचा हेतू साधणार होता. तुमच्या छातीवरच्या नावाचं उलट आहे. शेजाऱ्याकडे ते नाही म्हणूनच त्याला भाव आहे. 1899 मध्ये थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने ‘द थिअरी ऑफ द लीझर क्लास’ हे पुस्तक लिहिलं. काही वस्तू उपयोगासाठी घेतल्या जात नाहीत, आपल्याला उधळणं परवडतं हे दाखवण्यासाठी घेतल्या जातात, आणि किंमत वाढली की त्यांची ओढही वाढते, हे त्याने मांडलं. पण व्हेब्लेनच्या काळी कंपनीचं नाव कॉलरच्या आत, शिवणीपाशी असायचं. 1933 मध्ये रने लाकोस्त या फ्रेंच टेनिसपटूने आपली शर्टाची कंपनी काढली आणि मगरीचं चित्र शर्टाच्या बाहेर, छातीवर आलं. तिथून पुढे पैसे मोजणारा गिऱ्हाईक स्वतःच कंपनीची पाटी घेऊन फिरू लागला. पूर्वी पाटी घेऊन फिरणाऱ्याला मजुरी मिळायची.

हा दुर्मीळपणा टिकवण्यासाठी काय काय करतात ते ऐका. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने 2018 मध्ये आपल्या वार्षिक अहवालात कबूल केलं, की वर्षभरात 2 कोटी 86 लाख पौंडांचा न विकलेला माल तिने नष्ट केला. कपडे, पिशव्या, अत्तरं, सगळं चांगलं, कोरं. स्वस्तात विकलं असतं तर ते भलत्या माणसांच्या अंगावर दिसलं असतं, आणि मग नावाचा भाव उतरला असता. जगभर ओरड झाली तेव्हा त्याच वर्षी कंपनीने ही पद्धत बंद केली. आपल्या इतिहासातही कपड्यांची एक मोठी होळी आहे. 31 जुलै 1921 रोजी परळला एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींनी परदेशी कपड्यांचा ढीग पेटवला. लोकांनी अंगावरचे, पेटीतले उंची कपडे स्वतः आणून त्यात टाकले होते. त्या आगीविषयी तेव्हाही मतभेद होते. रवींद्रनाथांना ती पसंत नव्हती, उघड्या माणसांच्या देशात कापड जाळणं त्यांना पटत नव्हतं. पण ती आग लोकांनी स्वतःचं नुकसान करून लावली होती. बर्बेरीने जे जाळलं ते तुमच्यासारख्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून जाळलं. ज्या नावासाठी तुम्ही तीन महिन्यांचा पगार बाजूला काढता, त्या नावाचा मालक तुमच्याकडे असा बघतो.

त्या किमतीत असतं तरी काय? 2024 मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओरच्या एका उत्पादक कंपनीवर प्रशासक नेमला. तपासात निघालं, की दुकानात 2,600 युरोंना विकली जाणारी हँडबॅग शिवून देणाऱ्या ठेकेदाराला कंपनी 53 युरो देत होती. चामड्याचा आणि इतर मालाचा खर्च यात धरलेला नाही, तरीही हा हिशेब डोळे उघडणारा आहे. काम कोण करत होतं? इटलीतच, कारखान्यात झोपून रात्रंदिवस राबणारे स्थलांतरित मजूर. आणि 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून 1,134 माणसं मेली, तीही जगातल्या नामांकित कंपन्यांचे कपडे शिवणारी. मग महाग घेतलं की कामगाराला जास्त मिळतं, असं समजायला काही आधार उरत नाही.

पण इतक्या लांब कशाला जायचं? बदलापूरहून दोन स्टेशनं मागे चला, उल्हासनगरला.

फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत, बराकींत राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथे पायाभरणी केली आणि त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सगळं गमावून आलेल्या त्या माणसांनी पापड लाटले, गोळ्या-बिस्किटं केली, शिलाई मशीन चालवली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असं लोक हसत म्हणायचे. मला त्यात हसण्यासारखं कधी काही वाटलं नाही. ज्यांचं घर, गाव, जमीन गेली त्यांच्याकडे कसब तेवढं उरलं होतं, आणि स्वतःच्या नावाने ते विकायला गेलं तर गिऱ्हाईक उभं राहत नव्हतं, ही त्यातली खरी गोष्ट.

पुढे उल्हासनगर जीन्सचं शहर झालं. कटिंगला थानाचे थर लावून एका वेळी शेकडो पायांचे तुकडे कापायचे, मग शिलाई, ओव्हरलॉक, काज-बटण, मग वॉशिंग, मग धागा कटिंग, प्रेस, पॅकिंग. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कारागीर पीसवर काम करतात. धागा कटिंगचे गठ्ठे घराघरांत बायकांकडे जातात. जीन्स नवी असून जुनी, विटलेली दिसायला हवी असते, त्यासाठी ती दगडांबरोबर मशीनमध्ये घुसळतात, मांड्यांवर काचकागदाने घासतात, पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारतात. तुर्कस्तानात वाळूचा झोत मारून जीन्स पांढुरक्या करणाऱ्या तरुण कामगारांना फुप्फुसांचा सिलिकोसिस जडला आणि 2009 मध्ये तिथे त्या पद्धतीवर बंदी आली. कपड्यावर जो म्हातारपणा शोभून दिसतो, तो कोवळ्या वयाच्या कामगारांच्या छातीत उतरला होता.

आपल्याकडे तो वालधुनीत उतरला. काकोळ्याच्या डोंगराकडून येणारी ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरते. ते मंदिर शके 982 मधलं, म्हणजे सन 1060 मधलं, शिलाहारांच्या काळचं. नऊशे वर्षं ज्या पाण्याने देवाला आंघोळ घातली असेल, ते आमच्या डोळ्यांदेखत निळं-काळं झालं. दोष एकट्या जीन्सचा नव्हता. रासायनिक कारखाने आणि शहरांचं मैलापाणी यांचा वाटा मोठा होता. ‘वनशक्ती’ या संस्थेच्या याचिकेवरून उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न हरित लवादात आणि सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि पुढे उल्हासनगरच्या शेकडो जीन्स वॉशिंग कारखान्यांचं वीज-पाणी तोडलं गेलं. नदीसाठी ते आवश्यक होतं. पण हजारो हातांचं काम एका फटक्यात गेलं. बरेच कारखाने आसपासच्या गावांकडे सरकले, त्यांच्याबरोबर पाण्याचा प्रश्नही सरकला. ज्या कंपन्यांच्या नावाने किंवा ज्या नावांच्या नकलेने ही जीन्स विकली गेली, त्यांतल्या एकीलाही कधी कोणी या नदीबद्दल विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

या जीन्सचं दुसरं टोक विदर्भात आहे. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता, म्हणजे किलोला 75 रुपये. सरकीसकट तीन किलो कापसातून साधारण एक किलो रुई निघते. एक जीन्स किलोभराच्या आतच भरते. म्हणजे पँट आठशेची असो की ऐंशी हजारांची, यवतमाळच्या शेतकऱ्याच्या हातात तिच्यातले सव्वादोनशे रुपये पडले तर खूप झाले, आणि हमीभाव प्रत्यक्षात मिळतोच असं नाही.

मधल्या टप्प्यावर गिरणी होती. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. लालबाग-परळच्या खोल्या विकून जी कुटुंबं मध्य रेल्वेच्या गाड्यांनी डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूरला येऊन वसली, त्यांची मुलं-नातवंडं या सभागृहात बसलेली आहेत. 1905 मध्ये स्थापन झालेली लोअर परळची फिनिक्स मिल आज मॉल आहे आणि त्यातला पॅलेडियम हा भाग परदेशी डिझायनर दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. ठाण्याची रेमंडची गिरणी बंद झाली, त्या जागेवर टोलेजंग घरं उभी राहिली. आजोबा ज्या आवारात साच्यावर उभे राहून कापड विणत आणि त्यावर घर चालवत, त्याच आवारात नातू फोटो काढून घेण्यापुरता जातो. आत काहीही विकत घेणं त्याला परवडत नाही. दुकानदाराला तो गिऱ्हाईक वाटू नये, पण इन्स्टाग्रामवर तो गिऱ्हाईक दिसावा, एवढाच त्या जागेशी त्याचा संबंध राहिला आहे. मला या नातवाचं दुःख कपड्यापेक्षा मोठं वाटतं. त्याच्या घरातून कापड बनवण्याचा मान गेला, आणि कापड घालण्याचा मान त्याला हप्त्यावर विकला जातोय.

हप्त्याचा उल्लेख केला म्हणून थोडं बोलतो. ‘आता घ्या, नंतर भरा’ अशी सोय मोबाइलवर दोन मिनिटांत होते. बूट आठ-दहा महिने टिकतात, हप्ता चुकला की वसुलीचे फोन घरच्यांना आणि मित्रांना जातात. ज्यांच्यासमोर मान हवा होता, त्यांच्याचसमोर तो जातो. असं झालेल्या पोराला घरात आधी जेवायला वाढा, मग हिशेब विचारा.

आणि फर्स्ट कॉपी. कायद्याने तो गुन्हा आहे. 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्यात खोटं चिन्ह लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. मी नकलेचं समर्थन करत नाही. छापा पडला की गाळ्यातला शिंपी आणि फुटपाथवरचा विक्रेता सापडतो, त्यांची घरं बसतात. पण मला त्या मालात दुसरं काही दिसतं. अनुभवी नजरेलाही फरक कळू नये अशी शिवण इथल्या हातांना जमते. म्हणजे कसब इथे आहे, नाव दुसऱ्याचं आहे.

नाव आणि कसब यांचा सवाल अलीकडे सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन वीकमध्ये प्राडाने पुरुषांच्या पायांत जी चप्पल दाखवली ती पाहताच कोल्हापूरकरांनी ओळखली. कोल्हापुरीला 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं, तरी प्राडाच्या सादरीकरणात कोल्हापूरचं नाव नव्हतं. लोक खवळले, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, कंपनीला उगम मान्य करावा लागला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. त्या चपलेतून कारागिराच्या घरात किती येईल ते पुढे कळेल. मला एवढं दिसलं, की एका वस्तूला स्वतःच्या गावाचं नाव कायद्याने चिकटलेलं होतं म्हणून मिलानपर्यंत भांडता आलं. उल्हासनगरच्या जीन्सला असं नाव नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे कपडा शिवला जातो आणि या पट्ट्यातला तरुण अभिमानाने छातीवर वागवेल असं इथलं एकही लेबल घराघरांत पोहोचलेलं नाही.

म्हणून माझं मागणं दोन ठिकाणी आहे. पहिलं औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि आपल्या पालिकांकडे: वॉशिंगसाठी सामायिक जागा द्या, जिथे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरलं जाईल, आणि पीसवर काम करणाऱ्या कारागिराची, घरी धागा कापणाऱ्या बाईची नोंद होईल. चोरून गावोगाव फिरणाऱ्या कारखान्यांपेक्षा हे नदीलाही परवडेल.

दुसरं समोर बसलेल्या मुलामुलींकडे. तुमच्यातल्या कित्येकांना मोबाइलवर फोटो काढून माल विकता येतो, कुठला बूट कधी चालतो ते तुम्ही तोंडपाठ सांगता, काहींना फॉन्ट आणि चिन्हं बनवता येतात. उल्हासनगरच्या कॅम्प चार आणि पाचच्या गाळ्यांत असे मास्टर बसलेत, ज्यांना पॅटर्न नुसता बघून कापता येतो आणि इन्स्टाग्राम उघडता येत नाही. त्यांच्याकडे जा. एखादी पँट, एखादं जॅकेट असं शिवून घ्या की त्यावर शिवणाऱ्याचं गाव आणि त्याला मिळालेली मजुरी दोन्ही छापता येतील. त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून माझं नाव आत्ताच लिहून घ्या. कंबर 36.